अर्धी रेस आणि जळका क्लच

पावसाळा ओसरू लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आंबा-काजूच्या बागांमध्ये बेणणीची घाई सुरू होते. कमरेइतकं वाढलेलं गवत, टाकळा, रानमोडी, घाणेरीची जाळी काढल्याशिवाय कलमाच्या बुंध्यापर्यंत पोचताच येत नाही. कोयता-विळा घेऊन हे काम करणारी माणसं आता सहज मिळत नाहीत, म्हणून अनेक बागायतदारांच्या घरी पेट्रोलवर चालणारा ग्रासकटर आला. खांद्याला पट्टा, पाइपच्या मागच्या टोकाला इंजिन, पुढच्या टोकाला पातं किंवा नायलॉनची दोरी. याच दिवसांत तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते : इंजिन ओरडतं, पण पातं फिरत नाही.

बहुतेक वेळा क्लचचे शू बदलले जातात, ग्राहक पैसे देऊन मशीन घेऊन जातो आणि पुढच्या हंगामात, कधी तर त्याच महिन्यात, तीच तक्रार घेऊन परत येतो. शू निकृष्ट होते असं मग सगळे म्हणतात. काही वेळा ते खरंही असतं. पण चांगले शूसुद्धा दोन-तीन दिवसांच्या कामात जाळता येतात, आणि ते कसे जळतात हे समजून घेतल्याशिवाय केलेली दुरुस्ती अर्धवटच राहते.

ग्रासकटरला क्लचचा दांडा नसतो, गिअर नसतो. इंजिन चालू असताना पातं थांबलेलं असतं आणि रेस दिली की आपोआप फिरू लागतं. हे काम इंजिनच्या फ्लायव्हीलवर बसवलेले दोन छोटे शू करतात. प्रत्येक शू एका टोकाला बोल्टवर अडकवलेला असतो, दुसरं टोक मोकळं. दोघांना एकमेकांकडे ओढून धरणारी एक स्प्रिंग असते. या शूंच्या भोवती, त्यांना न टेकता, एक पोलादी ड्रम असतो. ड्रमच्या मागे पाइपमधून जाणारा शाफ्ट, शाफ्टच्या टोकाला गिअर बॉक्स आणि त्याखाली पातं. इंजिनचा वेग वाढला की शू बाहेर फेकले जायला बघतात. स्प्रिंगच्या ओढीवर मात करण्याइतका वेग आला की ते ड्रमच्या आतल्या भिंतीला टेकतात, घासतात, आणि शेवटी ड्रमला घट्ट धरून आपल्याबरोबर फिरवू लागतात. शूवर घर्षणासाठी लायनर चिकटवलेला असतो. काही कंपन्यांचे शू मात्र संपूर्ण धातूचेच असतात.

महाराष्ट्राला ही यंत्रणा नवी नाही. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने आणलेल्या लूना मोपेडमध्ये याच तत्त्वाचा क्लच होता. रेस पिळली की गाडी सुटायची, चढ आला की पायडल मारून इंजिनला हात द्यावा लागायचा. आजच्या बिनगिअरच्या प्रत्येक पेट्रोल स्कूटरच्या मागच्या चाकापाशी असाच शूंचा क्लच बसलेला असतो. फरक इतकाच की स्कूटर एकदा सुटली की क्लच घट्ट धरतो आणि बराच वेळ त्याला घासावं लागत नाही. ग्रासकटरचं पातं दर मिनिटाला गवताच्या जुडग्यात अडतं, मंदावतं, पुन्हा वेग घेतं. त्यामुळे इथे वापरणाऱ्याच्या सवयीला फार महत्त्व आहे.

ही सवय म्हणजे अर्ध्या रेसवर काम करणं. पेट्रोल वाचावं, आवाज कमी व्हावा, मशीन ‘जास्त तापू’ नये म्हणून अनेक जण रेस अर्धीच दाबून गवत कापतात. हेतू चांगला असतो, पण क्लचच्या दृष्टीने यापेक्षा वाईट काही नाही. थोडा हिशेब केला की कारण स्पष्ट होतं.

शू बाहेर फेकण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. समजा एका शूचं वजन ५० ग्रॅम आहे आणि त्याचा भारमध्य फिरण्याच्या केंद्रापासून २५ मिलिमीटरवर आहे. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर मंद चालत असताना हा शू साधारण साडेबारा किलोच्या जोराने बाहेर जाऊ पाहतो. ४,००० फेऱ्यांवर हा जोर बावीस किलोंच्या आसपास पोचतो. स्प्रिंग नेमकी इथवर त्याला धरून ठेवते असं मानू, म्हणजे शू ४,००० फेऱ्यांवर ड्रमला टेकतो. आता ४,५०० फेऱ्यांचं बघू. एकूण जोर अठ्ठावीस किलो झाला, पण त्यातले बावीस स्प्रिंगच खाते. ड्रमवर प्रत्यक्ष दाब पडतो तो फक्त सहा किलोंचा. ७,००० फेऱ्यांवर एकूण जोर अडुसष्ट किलोंच्या घरात जातो आणि स्प्रिंगचा वाटा वजा करून ड्रमवर सेहेचाळीस किलोंचा दाब येतो. इंजिनचा वेग दीडपटीपेक्षा थोडाच जास्त वाढला, पण क्लचची पकड साडेसात पटींनी वाढली.

हा ढोबळ हिशेब आहे. प्रत्येक मशीनचं वजन, माप, स्प्रिंग वेगळी. तरी चित्र सगळीकडे हेच राहतं. क्लच टेकण्याच्या वेगाच्या जरासं वर त्याची पकड अगदीच नाजूक असते. तिथे जाड गवत आलं की पातं मंदावतं, ड्रम मागे पडतो, शू मात्र इंजिनच्या वेगाने फिरत राहतात. मग जे घर्षण पातं फिरवायला हवं होतं, ते उष्णता तयार करतं. वरच्याच उदाहरणात ड्रमचा आतला व्यास ७८ मिलिमीटर धरला, घर्षणाचं प्रमाण ०.३ मानलं आणि पातं पूर्ण अडकलं असं समजलं, तर ४,५०० फेऱ्यांवर क्लचमध्ये सहाशे वॅटहून जास्त उष्णता निर्माण होते. घरातली साधी इस्त्री साडेसातशे ते हजार वॅटची असते. जवळजवळ तितकी उष्णता मुठीत मावेल अशा पोलादी वाटीत कोंडली जाते, आणि वापरणारा मात्र ‘मशीनला त्रास नको’ म्हणून रेस हलकी ठेवून उभा असतो.

अशा उष्णतेत आधी लायनरचा वरचा थर काचेसारखा गुळगुळीत होतो. गुळगुळीत लायनर कमी धरतो, म्हणून आणखी घसरतो, म्हणून आणखी तापतो. पाठोपाठ स्प्रिंग तापून तिचा ताण उतरतो. ताण उतरलेली स्प्रिंग शूंना लवकर सोडते आणि ते मंद वेगावरही ड्रमला घासत राहतात. ड्रममागच्या बेअरिंगमधलं ग्रीस वितळून वाहून जातं. एकाच चुकीच्या सवयीतून तीन भाग खराब झालेले असतात आणि दुकानात बदलला जातो त्यातला एक.

मंद चालीवर पातं फिरता कामा नये, हा सुरक्षेचा नियम आहे. ग्रासकटरच्या सुरक्षेसाठी असलेल्या आयएसओ ११८०६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मंद चालीच्या सव्वापट वेगापर्यंत पातं हलता कामा नये. म्हणजे मंद चाल ३,००० फेऱ्यांची असेल तर ३,७५० पर्यंत क्लचने ड्रमला हात लावायचा नाही. हा नियम माणसाच्या पायासाठी आहे. रेस सोडून, मशीन खाली टेकवून, बाजूचा दगड उचलायला वाकलेल्या माणसाला पातं थांबलेलं आहे ही खात्री हवीच. त्यामुळे मंद चालीवर पातं फिरत असेल तर ‘चालतंय ना’ म्हणून ते तसंच वापरणं धोक्याचं आहे.

पण इथेही घाईने क्लच उघडू नये. पातं मंद चालीवर फिरण्याचं सर्वांत सोपं कारण क्लचमध्ये नसतंच. इंजिनची मंद चालच वाढलेली असते. कार्बोरेटरवरचा मंद चालीचा स्क्रू कोणीतरी घट्ट केलेला असतो, रेसची केबल ताणलेली असते, किंवा सुरू करताना रेस अडकवण्याचं बटण सुटलेलं नसतं. ते बटण दाबून सुरू केलं तर काही क्षण पातं फिरणारच, आणि ते बऱ्याच मशीनांत स्वाभाविक आहे. टू-स्ट्रोक इंजिनात आणखी एक शक्यता असते. कार्बोरेटरजवळच्या गॅस्केटमधून किंवा क्रँकच्या ऑइल सीलमधून बाहेरची हवा आत शिरली की मिश्रण पातळ होतं आणि इंजिन स्वतःहून वर-खाली पळू लागतं. स्क्रू कितीही सैल केला तरी चाल बसत नाही, अशी ही खूण. प्लगच्या वायरला गुंडाळून फेऱ्या मोजणारी छोटी डिजिटल मीटरं आता बाजारात सहज मिळतात, आणि दुकानदाराने ते एक ठेवावंच. मीटरवर ३,००० दिसत असताना पातं फिरत असेल तरच संशय क्लचवर घ्यायचा : स्प्रिंग सैल झाली, तुटली, किंवा ड्रमचं बेअरिंग इतकं झिजलं की ड्रम तिरका होऊन शूंना लागतो.

घसरणारा क्लच ओळखायला कान पुरतो. जाड गवतात शिरताना इंजिनचा आवाज खाली येऊन पातंही त्याच्याबरोबर मंदावत असेल, तर क्लच बहुधा ठीक आहे आणि इंजिनच कमी पडतंय. मग एअर फिल्टर, सायलेन्सरमध्ये साचलेला कार्बन, जुनं पेट्रोल, इंधनाची गाळणी यांकडे वळायचं. याउलट आवाज टिकून राहतो किंवा चढतो आणि पातं मात्र थांबतं, तर मधे कुठेतरी धरणं सुटलेलं आहे. त्यात लायनर जळल्याचा तिखट वास आला तर शंकेला जागा उरत नाही. ही एवढी परीक्षा ग्राहकासमोर केली तरी कितीतरी विनाकारण बदललेले क्लच वाचतील.

तिसरी परिस्थिती अशी की इंजिन नीट पळतं आणि पातं अजिबात हलत नाही, अगदी मोकळ्या हवेतसुद्धा. नवा क्लच टाकूनही काही फरक पडत नाही अशी मशीनं याच गटातली. शाफ्टच्या टोकाला दाते असतात, ते ड्रममध्ये एका बाजूला आणि गिअर बॉक्समध्ये दुसऱ्या बाजूला बसतात. दाते झिजून गेले, किंवा गेल्या खेपेस पाइप काढून जोडताना शाफ्ट पूर्ण आत बसलाच नाही, तर ड्रम एकटाच फिरतो. कोकणात कातळावर पातं आपटण्याचे प्रसंग फार येतात. गवताखाली लपलेला जांभा दगड दिसत नाही, पातं जोरात थडकतं, आणि तो झटका दात्यांना बसतो. क्लचची घसरण अशा वेळी उलट थोडं संरक्षणच करते. पण दाते आधीच झिजलेले असतील तर त्यांची तेवढ्याने सुटका होत नाही.

याची तपासणी इंजिन बंद करून, प्लगची टोपी काढून करायची. आधी पातं हाताने, जाड हातमोजा घालून फिरवायचं. चांगल्या मशीनमध्ये ते हलकं फिरतं, कारण इंजिन बंद असताना क्लच सुटलेला असतो. जड फिरत असेल तर गिअर बॉक्समध्ये ग्रीस नाही, गवताची दोरी गुंडाळून आत शिरलेली आहे, किंवा बेअरिंग गेलेलं आहे. अशा मशीनमध्ये नवे शू टाकणं म्हणजे त्यांनाही त्याच भट्टीत ढकलणं. पातं फिरवताना स्टार्टरची दोरी किंवा इंजिनही सोबत फिरू बघत असेल तर शू ड्रममध्ये अडकून बसलेले आहेत. तुटलेल्या स्प्रिंगचा तुकडा शू आणि ड्रमच्या मध्ये सापडतो तेव्हा असं होतं. अशा मशीनची दोरी ओढतानाही हात झटकतो, कारण इंजिनबरोबर पातंही ओढावं लागतं.

आता क्लच उघडायचा. बहुतेक मशीनांत क्लचचं घर चार स्क्रूंनी इंजिनला जोडलेलं असतं. रेसची केबल आणि स्विचची वायर सोडवून हे स्क्रू काढले की पाइप, घर आणि ड्रम एका बाजूला येतात आणि शू फ्लायव्हीलवर उघडे दिसतात. या अवस्थेत इंजिन कधीही सुरू करून बघायचं नाही. शूंना बाहेरून अडवणारा ड्रम नसतो, रेस थोडी जरी वाढली तरी ते स्प्रिंगला मर्यादेबाहेर ताणतात, आणि स्प्रिंग तुटली की धातूचा तुकडा जोरात बाहेर फेकला जाऊ शकतो. ‘फक्त शू उघडतात का ते बघू’ म्हणून दोरी ओढण्याचा मोह होतो. तो टाळायचा.

दुसरी काळजी धुळीची. क्लचच्या घरात काळी पूड साचलेली असते, ती फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरने उडवण्याची दुकानांत सर्रास पद्धत आहे. घर्षणाच्या लायनरमध्ये पूर्वी अॅस्बेस्टॉस वापरत आणि भारतात त्यावर आजही सरसकट बंदी नाही. कोणत्या शूमध्ये काय आहे हे पूड बघून कळत नाही. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकायचं. एवढ्या साध्या सवयीने कारागिराची फुफ्फुसं वाचतात.

मग ड्रमकडे बघायचं, आणि घाई न करता. पोलाद तापलं की त्यावर रंग चढतो, आणि त्या रंगावरून ते किती तापलं याचा अंदाज बांधता येतो. फिकट पिवळसर छटा साधारण २२० अंश सेल्सिअसला येते, निळी सुमारे ३०० अंशांना. ड्रमच्या आतल्या भिंतीवर निळा पट्टा दिसला तर क्लच बराच वेळ घसरत राहिला हे नक्की, मग ग्राहक काहीही सांगो. ड्रम सगळीकडे सारखा घासलेला आहे का, त्याला खोबण पडली आहे का, हे बोट फिरवून कळतं. व्हर्नियरने आतला व्यास दोन-तीन दिशांनी मोजायचा. सगळीकडे सारखा नसेल तर ड्रम वाकडा झाला आहे आणि नव्या शूंनाही तो एका बाजूनेच धरू देईल. असा ड्रम घासून सुधारत नाही, बदलावाच लागतो. किरकोळ चकाकी असेल तर मात्र बारीक पॉलिश पेपरने ती उतरवता येते. ड्रम हाताने हलवून बघायचा. आडवा खुळखुळत असेल, फिरवताना खरखरत असेल तर बेअरिंग बदलायचं. बेअरिंगच्या कडेवर कोरलेला क्रमांक दुकानात सांगितला की तेच माप मिळतं.

शूंची गोष्ट लायनरच्या पृष्ठभागावर लिहिलेली असते. लायनर जाड आहे पण आरशासारखा चकाकतो, तर तो उष्णतेने गुळगुळीत झालेला आहे. मध्यम पॉलिश पेपर सपाट जागेवर ठेवून हलक्या हाताने घासला तर तो पुन्हा खरखरीत होतो आणि काही काळ चांगला चालतो. लायनर काळा, ओलसर, तेलकट दिसला तर क्लचचा दोष नाही. फ्लायव्हीलच्या मागचं क्रँकचं ऑइल सील गळतंय, आणि टू-स्ट्रोकमध्ये तिथून पेट्रोल-तेलाचं मिश्रण बाहेर येऊन शूंवर फेकलं जातं. तेलकट शू ब्रेक क्लीनरने धुता येतात, पण सील बदलल्याशिवाय ते आठवड्यात पुन्हा तसेच होतात. मंद चाल बिघडवणारं सील आणि क्लच घसरवणारं सील बऱ्याचदा एकच असतं, हे लक्षात घेतलं की दोन तक्रारींचा एकाच भागाने निकाल लागतो. तेलाचं आणखी एक उगमस्थान असतं : शाफ्टच्या दात्यांना लावलेलं जास्तीचं ग्रीस. कोणीतरी उदारपणे थापलेलं हे ग्रीस तापून वितळतं आणि पाइपमधून ड्रममध्ये उतरतं. दात्यांना बोटाने फासलेला पातळ थर पुरतो.

लायनर इतका झिजला असेल की धातू दिसू लागला किंवा एका टोकाला कागदासारखा पातळ झाला, तर शू बदलायचे. दोन्ही एकाच वेळी, आणि स्प्रिंगसकट. एकच शू नवा टाकला तर वजनात आणि पकडीत फरक पडतो, फ्लायव्हील हादरू लागतं आणि तो हादरा क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जातो. जुनी स्प्रिंग ठेवण्यात काही रुपये वाचतात, पण ती तापून सैल झालेली असेल तर नवे शू पहिल्या दिवसापासून मंद चालीवर घासत राहतील. स्प्रिंगच्या टोकाचे आकडे उघडलेले, तिच्या तारेवर निळसर छटा, वेढ्यांमध्ये फट दिसणं, ही ती गेल्याची लक्षणं.

नवे शू घेताना जुना नमुना बरोबर न्यायचा. लहान मशीनांत ५४ मिलिमीटर आणि ४३-५२ सीसीच्या मोठ्या टू-स्ट्रोक मशीनांत ७८ मिलिमीटर ड्रमची मापं सर्रास आढळतात, पण तेवढ्यावर विसंबू नये. शूच्या बोल्टचं भोक, दोन भोकांमधलं अंतर, शूची जाडी आणि वजन, सगळं जुळायला हवं. हलका शू टेकायला जास्त वेग मागतो, म्हणजे अर्ध्या रेसवर आणखी घसरतो.

शू काढताना फ्लायव्हील फिरतं, आणि ते थांबवण्यासाठी पंखांमध्ये स्क्रूड्रायव्हर अडकवण्याची सवय वाईट. ॲल्युमिनियमचे पंख तुटतात, तोल बिघडतो, इंजिन थंड ठेवणारी हवाही कमी होते. त्याऐवजी प्लग काढून, टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन सायलेन्सरकडचं भोक झाकेल इतका वर आल्यावर, प्लगच्या भोकातून जाडसर सुती दोरी आत सरकवायची, तिचं टोक बाहेर ठेवून. पिस्टन दोरीवर टेकून थांबतो आणि बोल्ट सुटतात. फोर-स्ट्रोकमध्ये हेच करताना दोन्ही व्हाल्व्ह बंद असलेल्या दाबाच्या फेरीतच करायला हवं, नाहीतर व्हाल्व्ह वाकण्याची भीती असते. बोल्टवर शू असतील तर आटे सहसा नेहमीचे, उजवे. पण चेनसॉ आणि काही ट्रिमरमध्ये संपूर्ण क्लच क्रँकवरच उलट्या आट्याने बसवलेला असतो. जोर लावण्याआधी दिशा पाहायची.

उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढलेला असेल तर जोडणी सोपी जाते. शूच्या वर आणि खाली वेगवेगळे वॉशर असतात, त्यातला एक लाटेसारखा वळलेला. तो शूला जरासं दाबून ठेवतो, म्हणून त्याची जागा बदलली तर शू खुळखुळतात किंवा अडकतात. शूची बाजूही उलटवून चालत नाही. फिरण्याच्या दिशेने कोणतं टोक पुढे आहे यावर त्याची पकड ठरते : एका दिशेने ड्रम शूला आणखी स्वतःकडे ओढून घेतो, दुसऱ्या दिशेने ढकलून देतो. शूवर बाण किंवा खूण असते, ती पाळायची. बोल्ट घट्ट झाल्यावर प्रत्येक शू बोटाने बाहेर ओढून सोडला की टपकन मागे आला पाहिजे. रेंगाळला तर बोल्टच्या गळ्याला गंज आहे, किंवा वॉशर चुकला.

घर परत बसवताना ते इंजिनच्या तोंडावर हाताने पूर्ण टेकलं पाहिजे. स्क्रूच्या जोराने ओढून बसवावं लागत असेल तर शाफ्टचे दाते जुळलेले नाहीत. पातं जरासं फिरवून दाते जुळवायचे.

क्लच जळायची कारणं एवढ्यावर संपत नाहीत. कापणाऱ्या दोरीची लांबी हेही त्यातलं एक. नायलॉनच्या दोरीवर चालणारं हे यंत्र अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांनी १९७१ साली तयार केलं. गाड्या धुण्याच्या यंत्राचे फिरते ब्रश पाहून त्यांना ती कल्पना सुचली होती, आणि पहिल्या प्रयोगात एका डब्याला भोकं पाडून त्यातून मासेमारीची दोरी ओवली होती. आजच्या यंत्रांच्या गार्डला आतल्या बाजूने एक छोटं पातं असतं, ते दोरी ठरावीक लांबीला कापत राहतं. अनेक जण गार्ड काढून टाकतात, म्हणजे दोरी लांब राहते आणि एका फेरीत जास्त गवत निघतं. पण फिरत्या दोरीला हवेचा होणारा विरोध लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. दोरी वीस टक्क्यांनी लांब झाली तर त्याच वेगावर नुसत्या हवेचाच भार दुप्पट होतो, गवत वेगळंच. इंजिन तो पेलू शकत नाही, फेऱ्या खाली येतात आणि क्लच नेमका त्याच नाजूक वेगावर येऊन घासू लागतो जिथे त्याची पकड सहा किलोंची होती. गार्ड काढल्याने पायाला दगड लागतो ही भीती सगळ्यांना माहीत असते. क्लचचं नुकसान मात्र क्वचितच कोणी त्याच्याशी जोडतो. बोथट पातं, गिअर बॉक्सखाली गुंडाळलेलं गवत, ओल्या गवतात पातं एकदम खोलवर घुसवणं, या सगळ्यांचा परिणाम तोच.

म्हणून मशीन परत देताना कारागिराने दोन मिनिटं खर्च करून वापर दाखवावा. गवतात शिरण्याआधी रेस पूर्ण द्यायची, पातं वेगात आल्यावर पुढे जायचं, गवत वरून थोडं थोडं घ्यायचं. पातं अडकलं तर रेस दाबून धरायची नाही, सोडायची, इंजिन बंद करून गवत काढायचं. फेरी संपली, चालायचं आहे, तेव्हा रेस पूर्ण सोडायची. पूर्ण किंवा काही नाही, मधली रेस फक्त सुरुवातीच्या काही क्षणांसाठी. यात पेट्रोल थोडं जास्त लागल्यासारखं वाटतं, पण तेवढ्याच जागेचं काम लवकर उरकतं.

चाचणी मोकळ्या जागेत, पाहणाऱ्यांना लांब उभं करून घ्यायची. इंजिन गरम झाल्यावर मंद चाल मशीनच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे, बहुतेक वेळा ३,००० फेऱ्यांच्या आसपास, लावायची. पातं पूर्ण थांबलेलं हवं. हळूहळू रेस वाढवताना ४,००० च्या आसपास ते हलायला लागलं पाहिजे, आणि रेस सोडल्यावर काही सेकंदांत थांबलं पाहिजे. मग हलक्या गवतात थोडा वेळ चालवायचं. नव्या लायनरचा किंचित वास पहिल्या काही मिनिटांत येतो, तो थांबला पाहिजे.

मशीनने पेट्रोलच्या दोन-तीन टाक्या संपवल्यावर घर पुन्हा एकदा उघडून शूंकडे बघणं हा वेळेचा उत्तम वापर आहे. लायनरवर ड्रमला टेकलेल्या जागेचा ठसा आता स्पष्ट दिसतो. तो शूच्या पूर्ण रुंदीवर पसरलेला असेल तर काम नीट झालं. ठसा फक्त एका काठावर असेल तर ड्रम तिरका फिरतोय, म्हणजे बेअरिंग किंवा घराचे स्क्रू पुन्हा तपासायचे. एका शूवर ठसा आणि दुसरा जवळजवळ कोरा असेल, तर कोऱ्या शूचा बोल्ट अडकतोय किंवा दोन शूंचं वजन वेगळं आहे. दोघांना वजनकाट्यावर ठेवून पाहिलं की ते लगेच कळतं.